किल्ल्यांच्या जुडग्यातला पी-३८ कॅन ओपनर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी सैन्याचा हा घडीचा ओपनर माझ्या घराच्या किल्ल्यांना बरीच वर्षं लटकलेला आहे. ज्याला तो दिसतो तो आधी विचारतो, ‘हे काय आहे?’ मग वापरून बघायला मागतो आणि पहिल्या दोन मिनिटांत बहुतेक जण वैतागतात. चूक त्यांची नसते, ओपनरचीही नसते. वापरायची रीत कुणी सांगितलेली नसते, एवढंच. लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. वापरायच्या रीतीचं उत्तर तेवढं नीट वाचा, बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल.

हे नेमकं आहे काय?

पी-३८ हा डबाबंद अन्नाचे पत्र्याचे डबे उघडायचा, घडी होणारा, हातात धरून चालवायचा ओपनर आहे. लांबी सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच. वजन पाचेक ग्रॅम. एक सपाट दांडी, तिला बिजागरीने जोडलेलं छोटं वाकडं पातं, दांडीच्या कडेला एक खाच आणि दोरी किंवा रिंग ओवायला एक भोक. संपलं. त्यात ना स्प्रिंग, ना चाक, ना दाते.

लष्कराच्या कागदपत्रांत त्याचं नाव ‘ओपनर, कॅन, हँड, फोल्डिंग, टाइप वन’ असं लांबलचक आहे. टाइप टू म्हणजे त्याचा थोरला भाऊ पी-५१. बांधणी तीच, लांबी सुमारे ५१ मिलिमीटर.

तो कुणी बनवला आणि कशासाठी?

१९४२ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकी लष्कराच्या शिकागोतल्या अन्नविषयक प्रयोगशाळेत तो तयार झाला. आघाडीवरच्या सैनिकाला मुदपाकखान्यातलं गरम जेवण रोज मिळणं शक्य नव्हतं. त्याचं जेवण ‘सी-रेशन’च्या डब्यांतून यायचं. मांस-भाजीचा एक डबा आणि बिस्किटं, कॉफी, साखर वगैरेंचा दुसरा. सुरुवातीच्या अशा डब्यांना पत्र्याची पट्टी गुंडाळत जाणारी चावी चिकटवलेली असे. चावी हरवली किंवा पट्टी मध्येच तुटली की पंचाईत. कुठल्याही डब्याला चालेल, प्रत्येकाला देता येईल आणि हरवला तरी हळहळ वाटणार नाही इतका स्वस्त ओपनर हवा होता. पी-३८ने तिन्ही गोष्टी साधल्या.

थोडं मागे जाऊन बघण्यासारखं आहे. डबाबंद अन्नाचं पेटंट पीटर ड्युरँडने इंग्लंडमध्ये १८१० साली घेतलं, पण तो डबा उघडायचं धड साधन यायला पुढे जवळजवळ अर्धं शतक गेलं. तोवर लोक जाड पत्र्याचे डबे छिन्नी-हातोडीने फोडत. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने १८५८ साली ओपनरचं पेटंट घेतलं, तो अमेरिकी यादवी युद्धात सैन्याने वापरला. गोल चाकाने कापत जाणारा ओपनर विल्यम लायमनने १८७० साली आणला आणि स्वयंपाकघरातले आजचे बरेच ओपनर त्याच्याच वंशातले. मात्र चाक आलं की त्याला धरायला लांब दांड्या आल्या आणि वस्तू खिशाबाहेर गेली. पी-३८ बनवणाऱ्यांनी चाकाचा नाद सोडून पुन्हा साधं पातं घेतलं आणि लागणारी सगळी ताकद मनगटाच्या पिळातून मिळवली. मला या वस्तूचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे.

नाव पी-३८ का पडलं?

खात्रीलायक उत्तर नाही, प्रचलित गोष्टी तीन आहेत.

पहिली अशी की तो ३८ मिलिमीटर लांब आहे म्हणून. पी-५१लाही हे लागू पडतं. आक्षेप एवढाच की त्या काळातली अमेरिकी मंडळी मापं इंचात घेत.

दुसरी, पी-३८ लाइटनिंग या लढाऊ विमानावरून. पी-५१ मस्टँग हेही लढाऊ विमानच, त्यामुळे दोन्ही नावं जुळतात.

तिसरी गोष्ट सैनिकांच्या तोंडची. सी-रेशनचा डबा पूर्ण उघडायला ३८ वेळा पातं टोचावं लागायचं म्हणून पी-३८. हिचं गणित करून बघता येतं. डब्याचा व्यास तीनेक इंच धरला तर परीघ साधारण २४० मिलिमीटर होतो. त्याला ३८ने भागलं की एका टोच्याला सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास येतात आणि या पात्याचा सहज बसणारा घास, म्हणजे एका पिळात कापला जाणारा पत्रा, साधारण तेवढाच असतो. यातून नावाचा उगम सिद्ध होत नाही, कारण पी-५१ला हा हिशेब लागू होत नाही. पण गोष्ट रचणाऱ्याने डबे उघडलेले होते, हे नक्की.

अमेरिकी मरीन सैनिक याला ‘जॉन वेन’ म्हणत. या नटाने सैनिकी प्रशिक्षणपटात असाच डबा उघडून दाखवला होता, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं.

वापरायचा कसा?

उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी सांगतो. डावखुऱ्यांसाठी पुढे वेगळं उत्तर आहे.

डबा सपाट जागेवर ठेवा आणि डाव्या हाताने घट्ट धरा. ओपनरचं पातं उघडून दांडीशी काटकोनात आणा. दांडी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीच्या पेरावर पकडा, पातं खाली वळलेलं राहू द्या. आता दांडीवरची खाच बघा. तिचं तोंड तुमच्याकडे हवं. डब्याच्या वरच्या काठाला बाहेरून जी जाड कड असते ती या खाचेत अडकवायची, म्हणजे पात्याचं टोक आपोआप कडेच्या आतल्या बाजूला, झाकणावर येतं.

आता मनगट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळा, स्क्रू घट्ट करताना पिळतो तसं. खाली दाबायचं नाही, पिळायचं. खाच कडेला धरून ठेवते आणि पातं पत्र्यात उतरतं. निर्वात भरलेला डबा असेल तर या क्षणी बारीक ‘सुस्स’ असा आवाज येतो आणि चिरेतून रसाचा एखादा थेंब वर येतो.

पिळ सोडा, मनगट मागे आणा. पातं चिरेतून पूर्ण बाहेर काढू नका. डाव्या हाताने डबा काट्याच्या उलट दिशेने किंचित फिरवा, जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. पुन्हा पिळा. पिळा, सोडा, सरकवा. पहिले चार-पाच घास अडखळत जातात, मग हाताला लय सापडते आणि पुढे बघावंही लागत नाही.

ओपनर ज्या कागदी पुडीत यायचा तिच्यावर दोन-तीन ओळींच्या सूचना छापलेल्या असत. त्यांचा शेवट ‘लहान घास घ्या’ अशा अर्थाच्या वाक्याने होई. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. दर दहा लोकांतले नऊ एकाच घासात पेरभर पत्रा कापायला जातात. पातं अडकतं, पत्रा वाकतो, कड खाचेतून निसटते आणि ओपनर बिनकामाचा ठरतो. लहान घासाला जोर जवळजवळ लागतच नाही.

झाकण पूर्ण कापायचं का?

नाही. शेवटचा इंचभर पत्रा तसाच ठेवा. झाकण त्या पट्टीवर मागे वळतं, अन्नात बुडत नाही आणि ते काढायला बोटं आत घालावी लागत नाहीत. सैनिक हेच वळवलेलं झाकण पुढे वाकवून डबा गरम असताना धरायला मूठ म्हणून वापरत.

माझा ओपनर सारखा घसरतो. काय चुकतंय?

बहुधा खाच कडेच्या खाली न बसता कडेवर टेकलेली असते. ओपनर किंचित बाहेर कलता धरा आणि कड खाचेत शिरल्याची जाणीव होईपर्यंत पिळू नका. तरीही घसरत असेल तर पातं काटकोनापर्यंत उघडलंय का ते बघा. अर्धवट उघडलेलं पातं पत्र्यावर ओरखडे काढतं, आत उतरत नाही.

हात ओले किंवा तेलकट असतील तर दांडी फिरते. एवढ्याशा वस्तूला धरायला जागाच कमी आहे. हात पुसून घ्या.

डावखुऱ्यांना जमतो का?

उत्तम जमतो आणि वेगळा ओपनर घ्यावा लागत नाही. स्वयंपाकघरातल्या चाकाच्या ओपनरबद्दल हे म्हणता येत नाही. ओपनर डाव्या हातात, डबा उजव्या हातात, खाचेचं तोंड तुमच्या विरुद्ध बाजूला, आणि पिळायच्या व फिरवायच्या दोन्ही दिशा वर सांगितल्याच्या उलट.

पी-३८ घ्यावा की पी-५१?

किल्ल्यांना लावायचा असेल तर पी-३८. रोज किंवा मोठे डबे उघडायचे असतील तर पी-५१. दांडी जेमतेम १३ मिलिमीटरनेच जास्त लांब आहे, पण पीळ देताना तेवढी लांबी हाताला स्पष्ट जाणवते. अमेरिकी सैन्यातही अनेकांच्या जेवणाचे मोठे डबे उघडायला पी-५१ असे आणि एकट्याच्या डब्याला पी-३८. बोटांचा संधिवात असेल किंवा पकड कमजोर असेल तर मात्र पी-५१ही घेऊ नका. लांब मुठींचा, चाकाचा ओपनर बरा. हट्टाने वापरावं अशी ही वस्तू नाही.

कुठले डबे याने उघडत नाहीत?

या ओपनरला दोन गोष्टी लागतात. बाहेरून पकडायला कड आणि आतून टोचायला सपाट झाकण. या दोन्ही असतील तो डबा उघडतो.

रिंग ओढून उघडायच्या डब्याची रिंग तुटली तर घाबरू नका. कड शाबूत असते, तिथून बहुतेक वेळा काम होतं, थोडा जोर जास्त लागतो. डबा उलटा करून तळ कापायचा विचार असेल तर आधी तळ बघा. तळाला वरच्यासारखीच वेगळी कड असेल तर कापता येतो. भिंत आणि तळ एकाच पत्र्यातून ओढून काढलेले असतील, तळाची कड गोलसर वळलेली असेल, तर खाचेला धरायला काहीच नसतं.

चौकोनी डब्यांचे कोपरे त्रासदायक. सरळ बाजूने कापत या, कोपऱ्यावर घास निम्म्याहून लहान करा. कोपरा सोडून तीन बाजू कापल्या तरी अन्न निघतं. तुपाच्या किंवा पावडरीच्या डब्याचं दाबून बसवलेलं झाकण असेल तर पातं उघडूच नका, दांडीचं टोक झाकणाखाली घालून उचका.

आपल्याकडे याचा खरंच उपयोग होतो का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर महाराष्ट्रातल्या घरात डबाबंद अन्न रोज शिजत नाही आणि सह्याद्रीत ट्रेकला जाणारे पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी खातात, डबे पाठीवर वाहत नाहीत. घरात अननसाच्या चकत्यांचा, रसगुल्ल्यांचा किंवा बेबी कॉर्नचा डबा येतो तो सणासमारंभाला किंवा पाहुणे आल्यावर. त्याच वेळी ड्रॉवरमधला ओपनर सापडत नाही आणि कुणीतरी सुरी आणि बत्ता घेऊन बसतं. हा प्रकार बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं. सुरीचं टोक झाकणावरून घसरतं ते थेट डबा धरलेल्या हाताकडे येतं.

खरा उपयोग दिसतो तो परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांत. शिकायला गेलेल्या मुलांचं पहिल्या वर्षाचं जेवण छोल्यांच्या, राजम्याच्या, टोमॅटोच्या आणि नारळाच्या दुधाच्या डब्यांवर चालतं. हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात ओपनर असतो किंवा नसतो. आणि आमरसाचा डबा आहेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हंगामाच्या शेवटी शेवटी जो हापूस ‘कॅनिंगला’ जातो, त्याचा रस ८५० ग्रॅमच्या डब्यांतून जगभरातल्या भारतीय दुकानांत पोचतो. यातल्या बऱ्याच डब्यांना रिंग नसते. व्यास सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे पन्नासेक घास. हात बसला की दोनेक मिनिटांचं काम. पुऱ्या तळून होईपर्यंत आमरस वाडग्यात असतो.

परदेशी निघालेल्या भाच्याला किंवा पुतणीला कुकर, मसाल्याचा डबा आणि पोळपाट-लाटणं देतो, त्यात हा एक टाका. जागा घेत नाही, वजन मोजण्यासारखं नाही.

भारतीय सैन्य हा वापरतं का?

पी-३८ ही अमेरिकी सैन्याची वस्तू आहे. आपल्याकडे संरक्षण खात्याच्या म्हैसूरच्या प्रयोगशाळेने जवानांसाठी पाकीटबंद तयार जेवण विकसित केलं आहे. पाकीट फाडायला ओपनर लागत नाही.

अमेरिकी सैन्यात तरी अजून आहे का?

एकेका सैनिकाच्या जेवणात नाही. सी-रेशननंतर १९५८ साली त्याच धर्तीचं सुधारित डबाबंद जेवण आलं. त्याच्या खोक्यात बारा जेवणं आणि चार ओपनर असत. व्हिएतनामच्या लढाईतले सैनिक यावरच जेवले. १९८०च्या दशकात मऊ पाकिटांतलं ‘एमआरई’ हे तयार जेवण आलं आणि पी-३८ची रोजची गरज संपली. पण अनेक सैनिकांनी तो परत केलाच नाही. गळ्यातल्या ओळखपट्टीच्या साखळीत अडकवलेला ओपनर घरी आला आणि किल्ल्यांच्या रिंगमध्ये गेला. आज आपण तो किल्ल्यांना लावतो ती सवय तिथूनच आली.

दुसऱ्या देशांचे असे ओपनर आहेत का?

ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैन्याचा ‘फ्रेड’ प्रसिद्ध आहे. त्यात एका टोकाला छोटा चमचा आणि दुसऱ्या टोकाला बाटलीचं झाकण काढायची सोय असते. एकाच वस्तूत डबा उघडणं आणि खाणं दोन्ही भागतं, हे चांगलंच. पण किल्ल्यांना लावायला तो लांब पडतो. ब्रिटिश सैन्याच्या शिधापाकिटांतही पी-३८शी मिळताजुळता ओपनर येत असे.

स्विस नाइफ असताना हा कशाला?

स्विस नाइफ रोज जवळ असेल तर खरंच गरज नाही. त्यातला डबे उघडायचा भाग चांगला काम करतो आणि मूठ मोठी असल्याने हाताला सोपाही पडतो. पण तो चाकू आहे. जाड आहे, महाग आहे, हरवला तर जीव हळहळतो, आणि ऑफिस, मॉल, स्टेडियम अशा ठिकाणी तपासणीत अडकतो. म्हणून लोक तो घरी ठेवतात. किल्ल्या मात्र कुणी घरी विसरून लांब जात नाही.

खिशात पातं उघडतं आणि मांडीला टोचतं. उपाय?

नव्या ओपनरची बिजागरी घट्ट असते, वापराने सैल होते. हा सगळ्यात मोठा व्यावहारिक त्रास आहे आणि यामुळेच बरेच लोक तो किल्ल्यांतून काढून टाकतात. काढू नका, उपाय सोपे आहेत.

बिजागरीच्या दोन बाजूंना पक्कड लावून अगदी हलका दाब द्या. एकदम जोर लावलात तर पातं उघडणारच नाही. थोडं दाबा, उघडून बघा, पुन्हा थोडं दाबा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरीवर चढवायची रबरी नळी मिळते, तिचा सेंटिमीटरभर तुकडा कापून मिटलेल्या ओपनरवर चढवा. काम असेल तेव्हा सरकवून काढायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची चकतीही चालते. चामड्याचं काम करणाऱ्याकडून बोटभर म्यान शिवून घेतलंत तर उत्तमच, त्यात पातं मळतही नाही.

पँटच्या मागच्या खिशात मात्र ठेवू नका. बसताना कापड फाटतं.

स्वच्छतेचं काय? किल्ल्यांना लावलेली वस्तू अन्नात घालायची?

रास्त शंका आहे. किल्ल्या दिवसभर कुठेकुठे टेकतात. म्हणून वापरण्याआधी ओपनर साबण-पाण्याने धुवा, जमलं तर उकळतं पाणी ओता. डब्याचं झाकणही धुवा. हे लोक विसरतात. डबा गोदामात पडून असतो, त्यावर धूळ बसते, उंदीर फिरतात आणि पातं टोचलं की झाकणावरचं सगळं आत जातं.

वापरून झाल्यावर पातं उघडं ठेवूनच धुवा. बिजागरीच्या सांध्यात रस आणि गर अडकतो, जुना दात घासायचा ब्रश तिथे फिरवा. पूर्ण कोरडा झाल्यावरच मिटा.

पत्र्याचे बारीक कण अन्नात पडतात का, असंही विचारतात. एका चिरेतून पातं पुढे सरकवत गेलात तर बहुधा पडत नाहीत. पातं बाहेर काढून तीच जागा पुन्हा पुन्हा टोचली तर पत्र्याचे कण निघतात. तसं झालं असेल तर वरचा थर चमच्याने काढून टाका. कापलेल्या झाकणाची आणि डब्याच्या आतल्या काठाची धार ब्लेडसारखी असते, त्यामुळे डब्यात बोट घालून चाटू नका आणि मुलांच्या हाती रिकामा डबा देऊ नका. झाकण आत वळवून, डबा चेपून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. कचरा उचलणाऱ्याचा हात त्यात जातो.

डबा फुगलेला आहे. उघडून बघू का?

अजिबात नाही. झाकण किंवा तळ फुगलेला, कडेतून गळणारा, गंजून छिद्र पडलेला, किंवा नेमका कडेवर खोल पोचा आलेला डबा उघडू नका आणि चव तर मुळीच घेऊ नका. बॉट्युलिझमचं, म्हणजे डबाबंद अन्नात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष अन्नाचा रंग, वास, चव न बदलताही असू शकतं आणि ते जीवघेणं असतं. टोचल्यावर हवा आत जाण्याऐवजी रस जोराने बाहेर उसळला तरी तेच समजा, डबा फेकून द्या. दीड-दोनशे रुपयांचा मोह धरायची ही जागा नाही.

विमानात चालतो का?

चेक-इनच्या बॅगेत टाका आणि विषय संपवा. टोकदार पातं असलेली वस्तू हातातल्या सामानात अडवली जाऊ शकते आणि तिथे तपासणाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. किल्ल्यांना लावलेला असल्याने तो आठवणीतून जातो, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दिवशीच रिंगमधून काढून ठेवा.

याने आणखी काय करता येतं?

मिटलेल्या दांडीच्या टोकाने सपाट खाचेचा स्क्रू फिरतो. बुटाच्या तळव्यातला चिखल निघतो, पार्सलची चिकटपट्टी फाटते, रंगाच्या डब्याचं झाकण उचकतं, सुतळीची गाठ सुटते. अमेरिकी सैनिकांनी त्याने वायरी सोलल्या, मासे साफ केले, नखं कोरली. ज्या ओपनरने अन्न उघडायचं त्याने चिखल काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन घ्या, दुसऱ्यावर रंगाचा ठिपका द्या.

उघडलेल्या पात्याने मोठ्या वस्तू उचकायला जाऊ नका. बिजागरीचं रिव्हेट ढिलं झालं की ओपनर गेला.

जवळ ओपनर नसेल आणि डबा उघडायचाच असेल तर?

डबा उलटा करून वरची कड खरखरीत दगडावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर गोल गोल घासा. झाकण आणि भिंत जिथे एकमेकांत दुमडलेली असतात तो पत्रा झिजतो आणि कडेशी ओल दिसू लागते. ओल दिसली की लगेच थांबा, नाहीतर खडीची पूड आत जाते. डबा सरळ करा, कड पुसून घ्या आणि बाजूने दाबा, झाकण सुटतं. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर हे छान होतं. पातळ रस असेल तर थोडा सांडणारच.

अस्सल आणि नकली कसा ओळखायचा?

जुन्या अमेरिकी ओपनरच्या दांडीवर ‘यू. एस.’ या अक्षरांसोबत बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. स्पीकर, अँड्रॉक, मॅलिन, शेल्बी ही त्यातली ठळक नावं. संग्रह करायचा असेल तर ही नावं बघा. पण ठसा नकलेवरही मारता येतो, त्यामुळे वापरायला घेताना नावापेक्षा वस्तू बघा.

पातं उजेडात धरा. टोक अणकुचीदार आणि धार सलग हवी, मध्ये दाते पडलेले नकोत. खाचेची कड नखाने तपासा. ती गुळगुळीत आणि पुरेशी खोल नसेल तर डब्याची कड धरून राहणार नाही. पातं काटकोनात उघडून हलवा, डावीकडे-उजवीकडे डुलत असेल तर घेऊ नका. निकेलचा मुलामा सोलपटत असेल तरीही नको, तो अन्नात जाईल. स्वस्त नकलांचा नेहमीचा दोष म्हणजे मऊ पोलाद. दोन-चार डब्यांनंतर पात्याचं टोक वळतं. असा ओपनर हातात आला तर ‘ही वस्तूच वाईट’ असा समज करून घेऊ नका, दुसरा घेऊन बघा.

गंज लागतो का? धार लावावी लागते का?

मुलामा शाबूत असेपर्यंत गंज सहसा लागत नाही. पात्याच्या धारेवर मुलामा आधी झिजतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपके येतात. बारीक पॉलिश पेपरने घासून काढा आणि बिजागरीत खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा. मशीनचं तेल नको, ते अन्नाला लागेल. स्टेनलेस स्टीलचे ओपनरही मिळतात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तेच घ्यावेत.

धार क्वचित लावावी लागते. लागलीच तर धारेच्या दगडावर पात्याची उतरती बाजू चार-पाच वेळा हलकेच ओढा आणि टोकाला हात लावू नका. टोक गोल झालं तर पहिला टोचाच बसत नाही. तेव्हा तो ओपनर स्क्रू फिरवायला ठेवा आणि किल्ल्यांना नवा लावा.